राजर्षी शाहू महाराज यांचे कृषी व गूळव्यापारविषयक कार्य

राजर्षी शाहू महाराज (जन्म : २६ जून १८७४, कोल्हापूर, मृत्यू : ६ मे १९२२, मुंबई) हे कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती व समाजसुधारक होते. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी शासकीय नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारे राज्यकर्ते म्हणून ते सर्वपरिचित आहेत. ऊस, गूळ, साखर व मद्यार्क यांवर उभ्या असलेल्या आजच्या कोल्हापूरच्या अर्थव्यवस्थेचे दोन मूलाधार, बाजारपेठ आणि पाणी, हेही त्यांच्याच कारकिर्दीत घातले गेले. त्यांपैकी बाजारपेठ त्यांच्या हयातीत उभी राहिली. धरण मात्र अपूर्ण राहिले.

पूर्वायुष्य

त्यांचे मूळ नाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब व राधाबाई हे त्यांचे आईवडील. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

शाहूपुरीची गूळपेठ

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्यामुळे संस्थानातील माल दूरच्या बाजारांत पाठविणे सुकर झाले. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस पिकत होता आणि गुऱ्हाळेही चालत होती. उणीव होती ती संघटित बाजारपेठेची. ती भरून काढण्यासाठी महाराजांनी १८९५ मध्ये रेल्वे स्थानकाजवळ शाहूपुरी ही पेठ वसविली व व्यापाऱ्यांना तेथे येण्यास उत्तेजन दिले. पुढे ही पेठ गुळाच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र झाली.

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करतात. जळणासाठी रस काढून उरलेली चिपाडे वापरतात. पाक उतरविण्याची नेमकी वेळ गुळव्या ठरवितो. त्याच्या अंदाजावरच गुळाचा रंग व टिकाऊपणा अवलंबून असतो. साखरनिर्मितीत स्फटिक वेगळे केल्यावर मळी हा द्रव पदार्थ उरतो. गुळात मात्र जवळजवळ सर्व रस आटविला जात असल्याने मळी अशी उरत नाही. मळी आंबवून व ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढला जातो. त्यामुळे मळीवर आधारलेला मद्यार्क उद्योग येथे गूळपेठेबरोबर नव्हे, तर साखर कारखान्यांबरोबर वाढला.

दुष्काळ व राधानगरी धरण

सत्ताग्रहणानंतर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, दुष्काळ पडला व त्यापाठोपाठ प्लेगची साथ आली. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने, दुष्काळी कामे व तगाई यांद्वारे रयतेला आधार दिला. तथापि, पाण्याची कायम सोय झाल्याशिवाय शेतकऱ्याची विवंचना संपणार नव्हती. ऊस हे तर दीर्घ मुदतीचे व भरपूर पाणी लागणारे पीक. केवळ पावसाच्या भरवशावर त्याचे क्षेत्र वाढणे अशक्य होते.

१९०२ मध्ये इंग्लंड व युरोपचा प्रवास करून परतल्यावर महाराजांनी पाटबंधाऱ्यांच्या कामास गती दिली. भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना आखण्यात आली. तेथे वसविलेल्या गावास कन्या राधाबाई यांच्या नावावरून राधानगरी, तर जलाशयास महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. हा खर्च एका लहान संस्थानाला झेपणारा नव्हता. निधीअभावी १९१८ च्या सुमारास काम थांबले, तेव्हा भिंतीची उंची सुमारे ४० फूट झाली होती. दरम्यान, शेतकऱ्यांना सुधारित अवजारे व पद्धती यांची ओळख व्हावी म्हणून १९१२ मध्ये किंग एडवर्ड कृषी संस्था स्थापन करण्यात आली होती.

मृत्यू व वारसा

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. १९३० च्या दशकात कसबा बावडा येथे साखर कारखाना सुरू झाला. राधानगरी धरणाचे काम स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात पूर्ण झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. धरणातून नदीत सोडलेले पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडविले जाते व शेतकरी ते उपसून शेतीला देतात.

या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले व सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कागल येथील सहकारी साखर कारखान्यास महाराजांचेच नाव आहे. कारखान्यांतील मळीपासून मिळणारा मद्यार्क आज औद्योगिक वापर, मद्यनिर्मिती व पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल यांसाठी उपयोगात येतो. कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शाहूपुरी आज शहराच्या मध्यवर्ती भागात असून पेठेस महाराजांचे नाव कायम आहे.