जीर्ण कशाला म्हणायचं? गाडगेबाबांच्या चिंध्या आणि आपलं कपाट



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२.

कपडे बदलण्याचा दृष्टांत देऊन भगवंत अर्जुनाला आत्म्याविषयी सांगतात, तो हा श्लोक. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. बहुतेक वेळा कुणी गेल्यावर तो कानावर पडतो, म्हणून आपण तो मृत्यूचा श्लोक समजतो. आज मला त्यातल्या एकाच शब्दापाशी थांबायचंय. जीर्ण. नुसतं जुनं नव्हे, तर वापरून वापरून विरलेलं, आता अंगावर टिकणार नाही असं. म्हणजे वस्त्र सोडायचं कधी, तर त्याचं काम पूर्ण झाल्यावर.

आता आपापलं कपाट आठवून बघा. त्यातला कुठला कपडा आपण जीर्ण होईपर्यंत वापरला? बहुतेक कपडे आपण टाकतो ते फाटले म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून. किंवा त्यातले आपले फोटो सगळ्यांनी पाहिलेत म्हणून. मोजक्या, कशावरही चालणाऱ्या, टिकाऊ कपड्यांच्या कपाटाला हल्ली ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात. त्यावर व्हिडिओही भरपूर आहेत. पण हा विषय निघाला की मला आपल्याच मातीतला एक माणूस आठवतो. त्याचं सगळं कपाट त्याच्या अंगावर मावायचं.

गाडगेबाबा.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. घर परटाचं. ही गोष्ट आपण चरित्र वाचताना पटकन ओलांडून जातो, पण थोडं थांबू या. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारा. कुणाकडे किती कपडे आहेत, कुणाचं लुगडं कितीदा दंड घालून नेसलंय, हे गावात परटाच्या घराला सगळ्यात आधी कळणार. आणि मळ श्रीमंताच्या कपड्यालाही तसाच लागतो, हेही.

वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आल्या. डेबूजी मामाकडे गुरं राखत, शेती करत मोठा झाला. पुढे सावकाराने मामाची जमीन गिळली. कर्ज माणसाला कसं खातं, हे त्याने घरातच पाहिलं. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. मुलीच्या बारशाला त्याने रीतीप्रमाणे दारू आणि मटण न ठेवता गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद काय म्हणतील याची पर्वा त्याने तेव्हाच सोडली होती.

मग १ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं.

त्यानंतरची पन्नासहून जास्त वर्षं त्यांचा वेश जवळपास एकच. चिंध्या जोडून केलेलं गोधडीसारखं वस्त्र. डोक्यावर खापराची टोपी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा आणि गाडगं. त्या गाडग्यातच भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं आणि चालताना हवं तर तेच डोक्यावर पालथं घालायचं. एका वस्तूची तीन कामं! म्हणून तर लोक त्यांना गाडगेबाबा म्हणायला लागले. चिंध्यांच्या कपड्यावरून कुठे कुठे गोधडेबुवा हेही नाव पडलं.

पण इथे गैरसमज नको. बाबांचे कपडे फाटके होते, गबाळेपणा त्यांना अजिबात खपत नसे. गावात पोचल्यावर आधी खराटा हातात घ्यायचा, रस्ते आणि गटारं झाडायची. संध्याकाळी कीर्तन, आणि त्यात माणसांच्या डोक्यातला कचरा झाडायचा.

आणि तुम्हीही चिंध्या घाला, असं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांचं सांगणं व्यवहाराचं होतं. कर्ज काढून सण-लग्नं करू नका. घरात लुगडं थोडं कमी किमतीचं घ्या, पण पोराला शाळेत घाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या हिशेबात कपड्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर नव्हती. त्या पैशात दुसरं काय झालं असतं, ती खरी किंमत. स्वतः शाळेची पायरी न चढलेला माणूस लुगड्याच्या किमतीत पाटी-पुस्तक बघत होता. त्यांचा जो दहा कलमी संदेश आज ठिकठिकाणी लिहिलेला दिसतो, त्यातही भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यानंतर तिसरं कलम उघड्याला वस्त्र देण्याचं आहे. स्वतःसाठी चिंध्या, दुसऱ्यासाठी धडकं वस्त्र.

लोकांनी दिलेला पैसा त्यांनी कुठे घातला? १९०८ मध्ये पूर्णा नदीवर ऋणमोचनला घाट बांधला. १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली, ज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं त्या वारकऱ्यांसाठी. नंतर नाशिक, देहू, आळंदी, शाळा, वसतिगृहं, सदावर्तं. लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांत स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी त्यांनी काही ठेवलं नाही. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं.

भेट म्हणून ते काही घ्यायचे नाहीत. तरी एक प्रसंग सांगतात. १९४९ साली बाबा मुंबईत रुग्णालयात होते. ही बातमी कळताच डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा देशाचे कायदामंत्री, दिल्लीला निघण्याची घाई असताना दोन घोंगड्या विकत घेऊन भेटायला गेले. बाबांनी त्या घेतल्या. मला वाटतं, अपरिग्रह म्हणजे काय ते इथे कळतं. काहीच न घेणं हा हट्ट नव्हता. गरज होती, ऊब होती, देणाऱ्याचं प्रेम होतं, म्हणून घेतलं.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ प्रवासातच गाडगेबाबांनी देह ठेवला. श्लोकात म्हटलंय तसं, पूर्ण वापरून झालेलं वस्त्र.

आता आपलं काय? खांदेश्वरहून रोज लोकलने ऑफिस गाठणाऱ्या आपण चिंध्या घालायच्या नाहीयेत. पण तीन गोष्टी मला या चरित्रातून घ्याव्याशा वाटतात.

एक, गाडग्याचा नियम. नवा कपडा घेताना विचारायचं, हा किती कामांना येईल? साधा सुती कुर्ता ऑफिसला चालतो, श्रावणी सोमवारी तलावाकाठच्या खांदेश्वराच्या देवळात चालतो, घरच्या पूजेलाही चालतो. आणि आपल्याकडच्या पावसात तो पंख्याखाली रात्रीत वाळतो. जीन्स तीन दिवस ओलीच!

दोन, जीर्ण होऊ द्या. आज्जीच्या घरी साडीची गोधडी व्हायची, धोतराची बाळाची दुपटी व्हायची, उरलेल्याचं फडकं, आणि शेवटच्या चिंधीला पीळ देऊन देवापुढचा काकडा. टाकायला काही उरायचंच नाही. तुटलेलं बटण लावणं, उसवलेली शिवण घालणं हीसुद्धा सेवाच आहे.

तीन, द्यायचं तर धडकं द्या. फाटके, मळके कपडे पिशवीत कोंबून देणं याला दान म्हणत नाहीत. ते आपलं कपाट रिकामं करणं झालं. परटाच्या लेकाची आठवण ठेवून आधी धुवा, इस्त्री करा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरवरच्या उपचारांसाठी दुरून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. कुर्ल्याला गाडी बदलली की दादर. जाण्याआधी फोन करून विचारा, त्यांना काय हवंय. कदाचित कपडे नकोच असतील, दुसरं काही हवं असेल. मग ते द्या.

आजचा संकल्प: पुढची खरेदी करण्याआधी कपाटातला एक कपडा दुरुस्त करायचा. आणि न केलेल्या खरेदीचे पैसे कुणाच्या तरी वह्या-पुस्तकांसाठी बाजूला ठेवायचे.

उद्या श्लोक २३ वाचू.

राम कृष्ण हरी!