नांदण्यास नकार : डॉ. रखमाबाई

गुजरातेत स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींच्या ओठी सयाजीरावांच्या बडोद्याचे नाव सदैव असते. सुरतेत दोन दशकांहून अधिक काळ स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या डॉ. रखमाबाईंचे स्मरण मात्र आमच्याकडून क्वचितच घडते. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत ती उणीव अंशतः तरी भरून निघावी, अशी आमची इच्छा आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. पुढे मातोश्री जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा दादाजी भिकाजी यांच्याशी विवाह झाला, परंतु त्या माहेरीच राहिल्या आणि ग्रंथांत रमल्या. दादाजींनी विद्येकडे पाठ फिरविली, प्रकृतीने ते खंगले आणि मामाच्या आश्रयास जाऊन राहिले. त्या घरचे वातावरण रखमाबाईंस सर्वथा अमान्य होते. १८८४ साली दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून उच्च न्यायालयात दावा लावला.

येथे मारहाणीचा प्रसंग नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. अजाण वयात लावलेल्या लग्नाच्या आधारे जाणत्या स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या घरी धाडता येते काय, एवढाच प्रश्न होता. आमच्या मंडळाकडे आधारासाठी आलेल्या मुलींना जुळवून घेण्याचा उपदेश करून परत पाठविणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून हे लिहिताना मान खाली जाते.

खटला उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन निवर्तले. तरीही रखमाबाई डगमगल्या नाहीत. 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबरात निकाल त्यांच्या बाजूने दिला. पुढल्याच वर्षी अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा, अन्यथा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. लोकमान्य टिळकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. आम्हांस लोकमान्य पूज्य आहेत, तथापि येथे ते चुकले. मलबारी आदी मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

१८८९ मध्ये रखमाबाई वैद्यकाच्या अध्ययनासाठी लंडनला गेल्या. परतल्यावर प्रथम सुरतेत आणि नंतर राजकोटात त्यांनी स्त्रियांची रुग्णालये सांभाळली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचा वेष धारण केला. हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.

न नांदणाऱ्या पत्नीस तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली रद्द झाली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई निवर्तल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याच्या नवव्या कलमान्वये नांदावयास येण्याचा दावा आजही लावता येतो.