रेव्हरंड जॉन फी आणि डोंगरकडेचे महाविद्यालय

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांस तो अर्पण केला. ही अर्पणपत्रिका मराठी वाचकांस परिचित आहे. मात्र ज्यांना ती उद्देशून होती ती माणसे कोण, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. अब्राहम लिंकन यांचे नाव घेऊन थांबतो. त्या मंडळींपैकी एका पाद्र्याचे चरित्र आम्हांस येथे सांगावयाचे आहे. केंटकी राज्यात, जेथे सपाट कुरणे संपून डोंगर सुरू होतात तेथे, त्यांनी एका खोलीची शाळा काढली. पुढे तिचे महाविद्यालय झाले.

जॉन ग्रेग फी यांचा जन्म ९ सप्टेंबर १८१६ रोजी केंटकीच्या ब्रॅकन परगण्यात झाला. ओहायो नदी ओलांडली की पलीकडच्या राज्यात गुलामगिरीला थारा नव्हता. अलीकडे केंटकीत माणसांची खरेदीविक्री कायदेशीर होती. वडील शेतकरी, पदरी गुलाम बाळगणारे. जॉन १८४२ साली सिनसिनाटीच्या लेन धर्मविद्यालयात दाखल झाले. तेथे सहाध्यायांशी झालेल्या वादांतून त्यांची खात्री पटली की, शेजाऱ्यावर प्रेम करावयाचे आणि त्याला गोठ्यातल्या जनावराप्रमाणे विकावयाचे, या दोन गोष्टी एका धर्मात बसत नाहीत. घरी परतून त्यांनी वडिलांचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. १८४९ साली शाळेपायी वडिलांचे घर सोडावे लागलेल्या जोतीराव-सावित्रीबाईंचे स्मरण येथे कोणास होणार नाही?

त्या घरी ज्युलेट माइल्स नावाची गुलाम स्त्री होती. तिला मुक्त करावयाचे तर आधी तिचा मालक होणे प्राप्त होते. फी यांनी वडिलांकडून तिला रीतसर विकत घेतले आणि मग मुक्ततेचा कागद करून दिला. ज्युलेट नदीपलीकडे राहावयास गेली. मुले मात्र अलीकडेच अडकली. १८५८ साली मुलानातवंडांना नदीपार नेण्याच्या प्रयत्नात ती पकडली गेली, तिला शिक्षा झाली, आणि फ्रँकफर्टच्या तुरुंगातच तिचा अंत झाला. फी यांना अनेकांनी हट्टी म्हटले आहे. त्या हट्टाचा अर्थ या एका प्रकरणावरून पुरेसा कळतो, असे आम्हांस वाटते.

गुलाम बाळगणाऱ्यास आपल्या मंडळीत घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. प्रेसबिटेरियन पंथाच्या वरिष्ठांनी ठपका ठेवला, तेव्हा त्यांनी तो पंथच सोडला व पंथभेद न मानणाऱ्या मंडळ्या उभारल्या. मॅडिसन परगण्यातील बडे जमीनदार व राजकारणी कॅशिअस मार्सेलस क्ले यांनी त्यांना आपल्या भागात बोलावून घेतले आणि १८५४ साली दहा एकर जमीन दिली. (मुष्टियोद्धा मुहंमद अली याचे मूळचे नाव याच क्ले यांच्यावरून आलेले.) बायबलमधील बिरुया गावचे लोक मोकळ्या मनाने ऐकून घेणारे होते, म्हणून नव्या वस्तीचे नाव ठेवले बेरिया. १८५५ साली तेथे शाळा उघडली. आठवडाभर शाळा, रविवारी तीच खोली प्रार्थनामंदिर.

क्ले यांच्याशी स्नेह फार काळ टिकला नाही. ४ जुलै १८५६ रोजीच्या जाहीर सभेत दोघांचे मतभेद उघड झाले. पळालेल्या गुलामास धन्याच्या हवाली करण्याचा कायदा पाळावा की नाही, हा प्रश्न होता. कायदा नको असेल तर तो सनदशीर मार्गाने बदलावा, तोवर पाळावा, हे क्ले यांचे म्हणणे. ईश्वरी न्यायाच्या विरुद्ध असलेला कायदा बंधनकारकच नाही, हे फी यांचे. सारी हयात सरकारी नियमांच्या छायेत काढलेल्या आमच्यासारख्यास क्ले यांची बाजू चटकन समजते. परंतु क्ले यांचा मार्ग धरला असता, तर ज्युलेटसारखीला किती वर्षे वाट पाहावी लागली असती, हाही हिशेब मांडला पाहिजे. क्ले यांचा आधार सुटला आणि फी त्या मुलखात एकाकी पडले. जमावाने सभा उधळणे, मारहाण करणे हे त्यापूर्वीही घडले होते. आता अधिक घडू लागले. पत्नी मटिल्डा या साऱ्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

१८५८ साली जॉन रॉजर्स हे शिक्षक सपत्नीक येऊन मिळाले. दुसऱ्या वर्षी संस्थेची घटना लिहिली गेली. तीत पंथभेद आणि गुलामगिरी यांच्या जोडीने जातिभेदालाही नाव घेऊन विरोध नोंदविलेला आहे. गोऱ्याने काळ्याबरोबर बसू नये, जेवू नये, शिकू नये या रिवाजाला त्या लोकांनी आपल्याकडील जातिसंस्थेसाठी रूढ झालेला इंग्रजी शब्दच लावला होता. नोकरीच्या निमित्ताने आम्ही संस्थांच्या नियमावल्या पुष्कळ वाचल्या. इतक्या थोड्या ओळींत इतके वैर ओढवून घेणारी दुसरी पाहिलेली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि गुलामांचे मालक भयाने पेटून उठले. २३ डिसेंबर १८५९ रोजी सुमारे साठ हत्यारबंद घोडेस्वार बेरियात आले. दहा दिवसांत राज्य सोडा, असा त्यांचा हुकूम. आमच्या नोकरीत जवळच्या बदलीवर हजर होण्यास जवळपास तेवढीच मुदत मिळते; पण तेथे पगार चालू असतो आणि डोक्यावर बंदूक नसते. राज्यपालांनी संरक्षण देण्यास असमर्थता दर्शविली. ऐन थंडीत ती कुटुंबे सिनसिनाटीला गेली.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर फी केंटकीत परतले. कॅम्प नेल्सन या लष्करी तळावर १८६४ साली गुलाम पुरुषांची सैन्यात भरती होऊ लागली. भरती होणारा मुक्त होई, त्याची बायकामुले मात्र गुलामच राहत. ती नवऱ्यांमागोमाग तळावर येत. नोव्हेंबरात तळाच्या सेनापतीने अशा सुमारे चारशे बायकामुलांना कडाक्याच्या थंडीत गाड्यांत घालून बाहेर काढले. त्यांतील शंभराहून अधिक दगावली. देशभर हलकल्लोळ झाला आणि मार्च १८६५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सैनिकांच्या बायकामुलांनाही मुक्त केले. फी तेथे सैनिकांना अक्षरे शिकवीत होते. त्यांनी बेल मिचेल या कृष्णवर्णीय तरुणीला शिक्षिका म्हणून आणले आणि भोजनगृहात आपल्या मेजावर बसविले. गोरे शिक्षक ताटावरून उठून गेले. हे लोक गुलामांच्या मुक्ततेसाठीच घरदार सोडून आलेले होते, हे ध्यानात घ्यावे! फी यांनी तिला हलविण्यास नकार दिला. पुढे ते परगावी गेले असता तिला काढून टाकण्यात आले. बेल नंतर बेरियात शिकली.

१८६६ साली बेरियाची शाळा पुन्हा भरली. पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गात शिरताच बरेच गोरे विद्यार्थी निघून गेले. फी डगमगले नाहीत. त्या पहिल्या वर्षाची नोंद अशी : एकूण १८७ विद्यार्थी, त्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे. १८६९ पासून महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले आणि १८७३ मध्ये पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. जोतीरावांची अर्पणपत्रिका छापली गेली ती याच वर्षी. विद्यार्थ्यांनी श्रम करून शिकावे ही रीत तेथे रुजली, आणि १८९२ पासून शिकवणी शुल्क घेणे बंद झाले. फी नावाच्या गृहस्थांच्या महाविद्यालयात फी नाही, हा योग मराठी माणसालाच कळावा.

तथापि त्याच १८९२ साली विल्यम फ्रॉस्ट अध्यक्ष झाले आणि संस्थेचा रोख बदलला. डोंगरांतील गरीब गोऱ्यांची मुले आणण्यावर त्यांचा भर होता. काम निःसंशय पुण्याचे, देणगीदारही प्रसन्न. परंतु कृष्णवर्णीयांचे प्रमाण उतरत गेले. वृद्ध फी यांनी याविरुद्ध आवाज उठविला, तो ऐकला गेला नाही. ११ जानेवारी १९०१ रोजी बेरियातच त्यांचे निधन झाले.

१९०४ साली केंटकीने दोन्ही वर्णांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणे हा गुन्हा ठरविला. तो कायदा बेरियालाच उद्देशून होता. महाविद्यालय सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९०८ साली हरले. कृष्णवर्णीयांसाठी १९१२ साली लिंकन इन्स्टिट्यूट ही निराळी संस्था उघडावी लागली. पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेले पुढचे थोर इतिहासकार कार्टर वुडसन यांना बेरियाची पदवी मिळाली ती १९०३ साली, दार बंद होण्याच्या आदल्या वर्षी. १९५० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी बेरियाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पुन्हा प्रवेश दिला.