मारिया मॉन्टेसरी

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटली देशात किआराव्हाले या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव आलेसांद्रो व आईचे नाव रेनिल्दे होते. त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांना ते पसंत नव्हते. पण आई पाठीशी उभी राहिली. त्या वेळी मुलग्यांबरोबर बसून प्रेत तपासायला मुलींना बंदी होती. म्हणून सगळे गेल्यावर त्यांना एकटीने प्रेताजवळ बसावं लागे. तरी त्या डगमगल्या नाहीत. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या.

रोम शहरात सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. आईबाप कामाला गेले की लहान पोरं दिवसभर नुसती हिंडत आणि भिंती खराब करत. ६ जानेवारी १९०७ रोजी बाईंनी तिथे त्यांच्यासाठी बालघर सुरू केले.

बाईंनी एक गोष्ट ओळखली. लहान मूल एका जागी गप्प बसून शिकत नाही. ते हातापायांनी शिकते. म्हणून त्यांनी लाल-निळ्या १० काठ्या केल्या. सर्वांत लहान काठी १० सेंटिमीटरची व सर्वांत मोठी १ मीटरची. १ ची काठी एका हातात मावते. १० ची काठी न्यायला दोन्ही हात पसरावे लागतात. म्हणजे १ मोठा की १० मोठा हे सांगावं लागत नाही, हातालाच कळतं!

पुढे सोनेरी मणी आले. सुटा मणी म्हणजे एकक. १० मण्यांची सळई म्हणजे दशक. १० सळया जोडल्या की शतकाचा चौकोन. असे १० चौकोन एकावर एक ठेवले की १००० मण्यांचा ठोकळा. बेरीज करताना मुलं तबकात मणी घेऊन येतात आणि सतरंजीवर एकत्र करतात. १० सुटे मणी झाले की उठायचं, ते देऊन एक सळई आणायची. आपण पाटीवर हातचा १ घेतो ना, तो इथे चालत जाऊन आणायचा!

हुकूमशहा मुसोलिनीशी पटेना, म्हणून १९३४ साली बाईंनी इटली सोडली. १९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या व शिक्षकांना शिकवू लागल्या. १९४० साली इटली इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरली. तेव्हा इंग्रज सरकारने त्यांचा मुलगा मारिओ याला आपल्या महाराष्ट्रात अहमदनगरच्या छावणीत कैद केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याला सोडले. एवढं होऊनही त्यांनी शिकवणं थांबवलं नाही.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी ही पद्धत बोर्डी आणि कोसबाड इथल्या गरीब मुलांपर्यंत नेली. महाग साधने परवडत नव्हती, म्हणून गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या.

६ मे १९५२ रोजी हॉलंड देशात मॉन्टेसरीबाईंचे निधन झाले.

आईवडिलांनो, घरी धाकटं भावंडं चिंचोके मांडत बसलं, तर त्याला रागावू नका. ते त्याचं गणितच आहे. अशा या थोर बाईंना आमचे वंदन.

— इयत्ता ४ थी