शिष्यवृत्तीचे ऋण : सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

शिष्यवृत्ती हे बक्षीस की ऋण, असा प्रश्न आम्हां विद्यार्थ्यांच्या मनात कधी ना कधी येतोच. त्याचे उत्तर सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या चरित्रात आम्हांस सापडले. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरी विद्या होती, द्रव्य नव्हते. त्यातच लहानपणी पितृछत्र हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात असता शिकवण्या करून ते आपला निर्वाह करीत. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. पुढे इंजिनियर व्हावे ही उत्कट इच्छा. परंतु संस्थानात तसे कॉलेज नव्हते व परप्रांती राहण्यास पैसा नव्हता. अशा वेळी म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि तो कानडी तरुण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. मिळालेली संधी त्याने वाया दवडली नाही. १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत त्याचा पहिला क्रमांक आला.

१८८४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. ज्या मुळा-मुठेच्या संगमाजवळ त्यांनी विद्या संपादिली, त्यांतील मुठेवरच्या खडकवासला धरणास त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविले. धरणाची उंची न वाढविता पाणी अधिक साठावे, पूर चढताच दारे आपोआप उघडावीत व उतरताच मिटावीत, अशी ती योजना होती.

म्हैसूरचे ऋण मात्र अद्याप शिरावर होते. १९०९ मध्ये ते संस्थानचे मुख्य इंजिनियर झाले. १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागराच्या कामास प्रारंभ झाला. १९१२ ते १९१८ पर्यंत त्यांनी दिवाणपद भूषविले. त्याच काळात, १९१७ मध्ये, बंगळुरास इंजिनियरिंग कॉलेज निघाले. ज्या उणिवेपायी त्यांस स्वतःचा प्रांत सोडावा लागला, ती उणीव पुढील मुलांस भासू नये अशी तजवीज झाली. ऋणाची याहून उत्तम फेड ती कोणती?

१९५५ मध्ये त्यांस भारतरत्न ही पदवी अर्पण झाली. १९६२ मध्ये, वयाची शंभरी उलटल्यावर, त्यांनी देह ठेविला.

विद्यार्थिबंधूंनो, धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण शुभवर्तमानात वाचतो. शिष्यवृत्ती, मग ती लहान असो वा मोठी, असेच सोपविलेले द्रव्य होय. ते वाढवून परत करणे हाच आपला धर्म, असे आम्हांस वाटते.