फादर थॉमस स्टीफन्स : पाप आणि मुक्तीचे मराठी पुराणकार



आपल्या शेजारच्या पैठणला संत एकनाथ ओव्या रचत होते, त्याच काळात, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, इंग्लंडमध्ये जन्मलेला एक तरुण येशूसंघीय गोव्यात उतरला. ते फादर थॉमस स्टीफन्स. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः गोव्यातील साष्टी भागात सेवा केली.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. सूड म्हणून सत्तेने गावच्या प्रमुखांना ठार केले. पाप कसे पसरते, एकाची जखम दुसऱ्याच्या हातात शस्त्र कशी देते, हे फादरांनी जवळून पाहिले. त्यांनी मात्र लोकांची भाषा शिकण्याचा मार्ग धरला.

नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्यासाठी फादरांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. पहिल्या पुराणात आदाम-एवेच्या आज्ञाभंगापासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान.

या मांडणीत मोठी शिकवण आहे. केलेल्या पापाचे फळ ज्याचे त्याने भोगावे, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ख्रिस्तसभाही पापाची जबाबदारी नाकारत नाही. परंतु पाप म्हणजे केवळ चुकती करायची बाकी नव्हे. ते देवाशी तुटलेले नाते आहे. ते माणसाला एकट्याने सांधता येत नाही, म्हणून देव स्वतः आपल्याकडे येतो.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात निवर्तले. त्यांचे दोन भाग आज आपल्यालाही उपयोगी आहेत. आपल्यापैकी काहीजण पहिल्याच पुराणात अडकतो. क्षमा मिळालेले पाप वर्षानुवर्षे उगाळत बसतो. काहीजण थेट दुसरे उघडतो. आपल्या हातून काही चुकलेच नाही, असे मानतो. पहिल्याला आशा उरत नाही, दुसऱ्याला तारणाऱ्याची गरज वाटत नाही.

प्रायश्चित्त संस्काराला येताना आपण दोन्ही पुराणे सोबत आणू या. पाप खरेपणाने सांगू या आणि क्षमा विश्वासाने घेऊन घरी जाऊ या. घरात कोणाशी अबोला असेल, तर तीच क्षमा त्यालाही देऊ या.