विश्लेषण : ‘आयावास्का’ची विज्ञानाला ओळख करून देणारे रिचर्ड स्प्रूस स्वत: त्या अनुभवाला का मुकले?

दक्षिण अमेरिकेतील ‘आयावास्का’ या भास घडवणाऱ्या पेयाची चर्चा आज मानसोपचारापासून पर्यटनापर्यंत होते. ते ज्या वेलीपासून बनते तिची शास्त्रीय ओळख पटवणारे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस (१८१७-१८९३) यांच्या वाट्याला मात्र जेमतेम एक पेला आला.

अ‍ॅमेझॉनपर्यंत कसे पोहोचले?

यॉर्कशायरमधील शिक्षकाच्या घरी जन्मलेले स्प्रूस स्वत: गणित शिकवत, पण ओढा शेवाळवर्गीय वनस्पतींकडे. १८४९ मध्ये ते ब्राझीलला गेले. वाळवलेल्या वनस्पतींचे संच युरोपात विकून खर्च भागवायचा, हा बेत. तेथे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्याशी जमलेली मैत्री आयुष्यभर टिकली. रस्ते नव्हतेच, रिओ निग्रो, उआउपेस, ओरिनोको या नद्या स्प्रूस यांनी होडीनेच पालथ्या घातल्या.

त्या रात्री काय घडले?

नोव्हेंबर १८५२. उआउपेसच्या पहिल्या धबधब्याच्या वर, उरुबु-कोआरा येथील सामूहिक घरात ‘दाबुकुरी’ हा भेटवस्तूंचा उत्सव होता. सुमारे ३०० माणसे जमली होती. तरुण ‘कापी’चा, म्हणजे त्याच वेलीच्या पेयाचा, पेला रिचवत. चेहरे पांढरेफटक पडत, अंग थरथरे, घाम फुटे. मग शस्त्र उचलून ते जमिनीवर आवेशाने वार करत. दहाएक मिनिटांत सारे शांत होई.

स्प्रूस प्रयोगाच्या तयारीनेच गेले होते. पण अर्धी मात्रा पोटात जाते न जाते तोच यजमानाने कसाव्याची दारू पुढे केली. पाठोपाठ दोन फूट लांबीचा चिरूट (तंबाखू त्यांनी कधी ओढलीच नव्हती!) आणि वर ताडीसारखे मद्य. पाहुण्याने नाही म्हणायचे कसे? मग मळमळ अनावर झाली. सोबतच्या मित्राने आधीच करून ठेवलेली कॉफी पिऊन, झोळीत आडवे झाल्यावर ती थांबली. भास वगैरे काही नाही.

मग निरीक्षणाचे मोल काय?

वेल कोणती, हे त्यांनी फुला-फळांसह पक्के केले. १८५३ मध्ये खोडाचे तुकडे रासायनिक तपासणीसाठी इंग्लंडला पाठवले. तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला १९६९ साल उजाडले, तरी इतक्या जुन्या लाकडात हार्मिन शाबूत होते. आज या पेयात सहसा दुसऱ्या एका झाडाची पाने मिसळतात. त्यातील ‘डीएमटी’ पचनसंस्थेत निष्प्रभ होऊ न देणे हे या हार्मिनचे काम.

भारताशी संबंध कोणता?

१८६० मध्ये ब्रिटिश सरकारसाठी त्यांनी इक्वेडोरमधून लाल सिंकोनाच्या सुमारे एक लाख बिया आणि सहाशेहून अधिक रोपे मिळवली. क्विनाइन देणारी ही झाडे निलगिरीत रुजली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्प्रूस यांची पाठ आणि पाय लुळे पडले होते. काम त्यांनी तशाच अवस्थेत पार पाडले. पुढच्या वर्षी ग्वायाकिलमधील पेढी बुडून आयुष्याची पुंजीही गेली.

१८६४ मध्ये ते मायदेशी परतले. वार्षिक ५० पौंडांचे निवृत्तिवेतन, पुढे भारत सरकारकडून आणखी ५०. लाखो लोकांना औषध देणाऱ्या कामाचा हा मोबदला तुटपुंजाच म्हणायचा. त्यांच्या वह्या आणि पत्रांवरून दोन खंडांचे प्रवासवर्णन वॉलेस यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.